शाखेच्या टोकाचे स्थानक

आमच्या फुलंब्रीस रेल्वे नाही. आगगाडीने कोठे जावयाचे तर प्रथम छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्यामुळे ज्या गावी रूळ येऊन संपतात, अशा गावाचे आम्हांस फार कुतूहल. रायगड जिल्ह्यातील खोपोली हे असेच एक गाव. कर्जतहून निघालेली लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही लहान स्थानके घेत सुमारे १५ किलोमीटरांवर खोपोलीस पोचते, आणि तेथे मार्ग खुंटतो. पुण्याची गाडी तिकडे वळतच नाही. ती पळसदरीवरून परस्पर घाट चढू लागते.

हे आडबाजूचे स्थानक एके काळी हमरस्त्याचे मुख्य ठाणे होते, असे सांगितल्यास कित्येक वाचकांस नवल वाटेल. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धावली, आणि १८५६ साली रूळ खोपोलीस येऊन भिडले. पुढे सह्याद्री उभा! १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट तसाच राहिला. तेव्हा पुण्यास निघालेला प्रवासी खोपोलीस उतरे, पालखीत, तट्टावर अथवा बैलगाडीत बसून घाट चढे, आणि वर पुन्हा आगगाडीत बसे. नाना फडणिसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ व तलाव येथे पूर्वीपासून होतेच.

घाटाचे काम सोपे नव्हते. बोगदे २५, आणि चढ इतका की ठिकठिकाणी ३७ फुटांस १ फूट. १८६१ साली ४० हजारांहून अधिक मजूर येथे खपत होते. पटकीने व अपघातांनी त्यांतील किती घरे उघडी पडली असतील! सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली येथे येऊन अल्पावधीतच निवर्तला. त्याची पत्नी अॅलिस हिने पतीचे कंत्राट तडीस नेले. १८६३ साली घाटातून गाडी गेली, आणि त्याबरोबर खोपोली मुख्य मार्गावरून बाजूस पडली.

सेवानिवृत्त मनुष्यास हे स्थानक आपलेसे वाटावे, यात आश्चर्य नाही. काल सारा व्यवहार आपल्या हातून चालला, आज तो परस्पर चालतो. परंतु खोपोलीचे काम संपले नाही. १९१५ साली लोणावळ्याकडील तलावांचे पाणी खाली खोपोलीस आणून टाटांनी तेथे वीज उत्पन्न केली, व त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. लोकल तर आजही तेथील माणसांस कामावर नेते व घरी आणते.

एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांनी यातून एवढेच घ्यावे की, मुख्य मार्ग गेला म्हणून रुसून बसू नये. नातवास पाढे म्हणावयास लावणे, पाहुण्याची विचारपूस करणे, हीही कामेच आहेत. आणि घाट चढून गेलेल्या कर्त्या मुलांनीही ध्यानात ठेवावे की, वाट तयार होईपर्यंत आपणांस कोणी पायथ्याशी सांभाळले होते. दिवसातून एकदा तरी त्या बाजूस गाडी वळली पाहिजे.