पाताळातला समुद्र आणि माळरानावरचा बोअर

पृथ्वीच्या पोटात महासागर दडलेला असल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी नव्याने फिरू लागते. तिचे मूळ बहुतांशी २०१४ मधील एका शोधनिबंधात आहे. ब्राझीलमधील जुईना येथे मिळालेल्या एका हिऱ्यात कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे ग्रॅहॅम पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रिंगवुडाइट या खनिजाचा अतिसूक्ष्म कण आढळला. हे खनिज भूपृष्ठाखाली पाचशे किलोमीटरहून अधिक खोलीवर तयार होते आणि त्या कणाच्या वजनात सुमारे दीड टक्का पाणी होते. तेवढ्यावरून ‘पाताळात समुद्र’ असे मथळे सजले. हे पाणी वाहते नाही, ते खनिजाच्या स्फटिकरचनेतच बांधलेले आहे, हा तपशील मात्र मथळ्यांत मावला नाही.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा गैरसमज केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या पर्जन्यछायेतील तालुक्यांत उन्हाळा तापला की बोअरच्या गाड्या माळरानावर फिरू लागतात. पाणाड्याने नारळ हातात धरून जागा दाखवलेली असते. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही की ‘आणखी शंभर फूट जाऊ द्या’ असा आग्रह होतो आणि दर फुटागणिक शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज वाढते. जितके खोल जावे तितके पाणी अधिक, ही समजूत या आग्रहाच्या मुळाशी असते. तिचे उत्तर, आपल्या पायाखालचा दगड कोठून आला, यात आहे.

तो आला पृथ्वीच्या प्रावरणातून. भूपृष्ठाचे कवच आपल्याकडे साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर जाडीचे आहे. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण पसरले आहे आणि पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा पाच-षष्ठांश भाग त्याने व्यापला आहे. शालेय पुस्तकांतील लालभडक चित्रांमुळे तेथे उकळता लाव्हारस भरला आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रावरण घन आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून पार होतात आणि त्याखालच्या बाह्य गाभ्यापाशी थबकतात. या लहरींचे प्रकार नोंदींमधून वेगळे करून दाखवण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासात केले. पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावाही त्यांनीच मांडला.

घन असूनही हे प्रावरण वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकते. त्यातील अतितप्त भाग वर चढू लागला की त्यावरचा दाब घटतो आणि दाब घटताच खडक वितळतो. उष्णता तीच, केवळ ओझे उतरले म्हणून दगडाचा शिलारस होतो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास असा शिलारस कवचातील भेगांमधून थरांवर थर पसरत गेला आणि दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश भूमी या काळ्या पाषाणाने झाकली आहे. अकोले तालुक्यातील १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच थरांचे असून भूवैज्ञानिकांनी थरांच्या एका मोठ्या गटाला कळसूबाईचेच नाव दिले आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्यानंतर डोंगरांकडे पाहिले तर पायऱ्यांसारखे हे थर नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

हा शिलारस नेमक्या किती खोलीवरून आला, यावर मात्र वाद आहे. अमेरिकेचे जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार प्रावरणाच्या तळातून उष्ण स्तंभ वर येतात. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकताना अशाच एका स्तंभावरून गेला आणि आज त्यावर हिंदी महासागरातील रियुनियन बेट व तेथील जागृत ज्वालामुखी आहे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. आयआयटी मुंबईतील हेतू शेठ यांच्यासारख्या संशोधकांनी या स्तंभाविषयीच शंका घेतल्या आणि भूखंड फाटल्यामुळे दाब घटला, एवढे कारण पुरेसे असल्याची बाजू मांडली. वाद मिटवायला तेथे जाऊन पाहण्याची सोय नाही. माणसाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला येथले. ते १२,२६२ मीटरवर थांबले, म्हणजे कवचसुद्धा ओलांडले गेले नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र वादात अडकलेले नाही. लाव्हारसाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झाला. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. थराचा मधला भाग घट्ट, अभेद्य राहिला. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. खोली वाढेल तसा वरच्या दगडाचा भार वाढतो आणि भेगा मिटत जातात. क्वचित खोलवरच्या सांध्यात पाणी लागतेही. मात्र ते बहुधा वर्षानुवर्षे झिरपून साठलेले असते आणि उपसा झाला की तितक्या वेगाने भरून येत नाही. पहिल्या वर्षी धो धो चाललेला बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात गुळण्या टाकू लागतो, त्याचे कारण हेच. आणि या दगडाचा तळ गाठला तरी पुढे काय? कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण केले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर तेथे लागला तो थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन कठीण खडक.

कायद्याने ही मर्यादा ओळखलेली आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अमलात आला आणि शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. तरीही त्याच्या दुप्पट-तिप्पट खोलीचे बोअर उघडपणे घेतले जातात. शासकीय यंत्रणेला हे ठाऊक नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने या कायद्याची वाट पाहिली नाही. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतःच बंदी घातली, उसासारख्या पिकाला नकार दिला, डोंगरउतारावर चर खणले आणि पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून मग पीक ठरवण्याचा शिरस्ता घातला. दगडाच्या वरच्या काही मीटरांत मावेल तेवढेच पाणी आपले, असा हा हिशेब आहे. हाच हिशेब शेजारच्या गावांना का परवडत नाही, याचे उत्तर भूगर्भशास्त्रापाशी नाही. ते उसाच्या दरात, विजेच्या बिलात आणि ग्रामसभेच्या उपस्थितीत शोधावे लागेल.