वाचलेला वेळ कोणाचा?

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन येथे २०२२ पासून वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना उत्पादन करीत आहे. शेजारच्या वणी परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. कापूस आणि कर्ज या दोन शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात, ज्याची सुरक्षितता यंत्राला मिळणाऱ्या आज्ञेवर अवलंबून आहे असा श्रमिकवर्ग उभा राहिला आहे. आधुनिक कारखान्यात ही आज्ञा मुकादम देत नाही. ती यंत्राशेजारच्या पोलादी कपाटात बसविलेल्या संगणकीय नियंत्रकाकडून येते. आणि त्या नियंत्रकाची मूळ आज्ञावली बहुधा शेकडो मैल दूर, पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात लिहिली जाते.

ही आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्यांना सध्या 'बिल्ड' वेगाने व्हावे असा ध्यास लागला आहे. अभियंत्याने लिहिलेला मजकूर यंत्राला थेट कळत नाही. संगणक त्याच्या तुकड्यातुकड्याचे यंत्रभाषेत भाषांतर करतो, ते तुकडे जोडतो आणि नियंत्रकात भरण्याजोगी एकसंध आज्ञावली तयार करतो. या प्रक्रियेला बिल्ड म्हणतात. औद्योगिक नियंत्रणात नियंत्रकांचे प्रकार अनेक, म्हणून प्रत्येकासाठी हे काम वेगळे करावे लागते. एक ओळ बदलली तरी कित्येकदा अर्धा तास थांबावे लागते. त्यावर उपाय जुने आहेत. जेवढे बदलले तेवढेच पुन्हा भाषांतरित करावे, ही युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' या साधनाद्वारे रूढ केली. पूर्वीची भाषांतरे साठवून पुन्हा वापरणे आणि एक काम अनेक संगणकांत वाटून देणे, या युक्त्यांचीही आता तिला जोड मिळाली आहे.

यातून वाचणाऱ्या वेळेचा हिशेब करून पाहावा. समजा, २० अभियंत्यांचा गट आहे. प्रत्येक जण दिवसातून सहा वेळा बिल्ड करतो. आणि दर वेळी लागणारी ३० मिनिटे पाचवर आली. दिवसाकाठी ५० तास वाचले. प्रतीक्षेचा सगळाच वेळ वाया जात नाही, म्हणून निम्मेच धरले तरी २५ तास उरतात. हे २५ तास कोणाचे, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडत नाही. तो अर्थशास्त्राचा आणि अखेरीस राजकारणाचा प्रश्न आहे.

या वेळेवर तीन दावेदार आहेत. मालक म्हणतो, माणसे कमी करू किंवा माल लवकर विकू. अभियंता म्हणतो, मला वेळेवर घरी जाऊ द्या. तिसरा दावेदार त्या दालनात हजरच नसतो. तो भट्टीपाशी उभा असतो. सिमेंटच्या फिरत्या भट्टीत माल सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. तापलेली भट्टी फिरायची थांबली तर स्वतःच्याच भाराने वाकू शकते. म्हणून मुख्य मोटर बंद पडली तरी तिला फिरवत ठेवणारी दुय्यम व्यवस्था ठेवावी लागते. अशा यंत्राची आज्ञावली मिनिटांत तयार करता येईल. तिची खरी परीक्षा मात्र यंत्राच्या गतीनेच होते. झडप उघडण्यास लागणारा वेळ किंवा भट्टी निवण्यास लागणारा वेळ कोणत्याही संगणकाने कमी होत नाही. म्हणजे भाषांतराचा वेळ घटला की तपासणीचा वेळ डोळ्यांत खुपू लागतो, आणि पुढची कात्री तेथेच लागण्याचा धोका निर्माण होतो.

हा धोका काल्पनिक नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीतील एक सदोष बदल एकाच वेळी जगभर धाडला. तिच्या तपासणीच्या चाळणीतून तो निसटला होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक कोसळले. विमानतळ, रुग्णालये आणि बँका खोळंबल्या. तेथे पडदे निळे झाले. भट्टीपाशी अशीच चूक झाली तर माणसे भाजतील.

म्हणून समाजवाद्यांनी वेगाला विरोध करावा काय? मुळीच नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रातील यंत्रे नियंत्रकांमार्फतच बिघडवली होती. अशी भगदाडे तातडीने बुजवायची तर बिल्ड जलद हवेच. यंत्राशी भांडण नाही. यंत्राने वाचवलेल्या वेळेच्या वाटपाशी आहे.

हे भांडण महाराष्ट्राला नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खाते सांभाळीत असताना पुढे आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काय केले? कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली! संगणक मिनिटे वाचवतो आणि सरकार माणसाचे तास वाढवते, ही विसंगती वाटते. परंतु भांडवलाच्या हिशेबात ती सुसंगतच आहे. बाराव्या तासाला थकलेल्या कामगारासमोर घाईने तपासलेली आज्ञावली चालू व्हावी, याहून भयंकर योग कोणता?

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या कायदादुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील सुरक्षा समितीत कामगारांना स्थान मिळाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही अशा समितीची तरतूद आहे. तिचा उपयोग करून घेणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. नियंत्रकात नवी आज्ञावली भरण्यापूर्वी काय बदलले, कशावर तपासले आणि बिघाड झाल्यास जुनी आज्ञावली परत कशी आणणार, याचा मराठीतील अहवाल समितीपुढे ठेवलाच पाहिजे, अशी मागणी वणी-मुकुटबनच्या संघटनांनी करावी. पुण्यातील अभियंत्यांनी आपल्या करारात बिल्डमधून वाचलेल्या वेळेचा ठराविक वाटा तपासणीसाठी मागावा. एका आज्ञावलीच्या दोन टोकांना उभे असलेले हे दोघे अजून एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देणे हे आजचे तातडीचे संघटनकार्य आहे.