वॉशरखालचा बुळबुळीत थर

कुवेतमध्ये मी अकरा वर्षे नर्सची नोकरी केली. लहान मुलांच्या वॉर्डला लागून दूध तयार करायची एक छोटी खोली होती. ती रोज धुतली जाई, क्लोरीनचा वास थेट दारापर्यंत येई, आणि त्या वासावर आम्ही सगळ्या निर्धास्त असायचो. एके दिवशी सफाईचे काम करणाऱ्या बांगलादेशी भाईने दूध ढवळायच्या यंत्राचा रबरी वॉशर काढून माझ्या हातावर ठेवला. खालची बाजू शेवाळल्यासारखी बुळबुळीत होती. "सिस्टर, ये कोई नहीं खोलता," तो म्हणाला. मी वर कळवले. उत्तर आले, क्लोरीन वाढवा.

ते उत्तर मला तेव्हाही पटले नव्हते. सकाळी दात घासण्याआधी दातांवर जो चिकट लेप लागतो, तो जंतूंचाच असतो. जंतू पृष्ठभागाला चिकटतात, आपल्याभोवती डिंकासारखा पदार्थ तयार करतात आणि त्यात वस्ती करतात. याला बायोफिल्म म्हणतात. सुट्या जंतूंना सहज मारणारे औषध या थरात खोलवर पोचत नाही. शिवाय वर दुधाचा किंवा चरबीचा अंश असला तर क्लोरीनची ताकद त्यातच खर्ची पडते. म्हणून आधी यंत्र उघडायचे, साबणाने घासायचे, खळखळून धुवायचे आणि मगच औषध. क्रम उलटा केला तर वास तेवढा येतो.

कुवेतचे बरेचसे अन्न बाहेरून येते. त्यामुळे दूरच्या कारखान्यातली हयगय तिथल्या घरात पोचायला वेळ लागत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील अ‍ॅबट कंपनीच्या कारखान्यातले बाळांचे दूधपावडरचे डबे परत मागवले गेले. माल गेलेल्या देशांच्या यादीत कुवेत होते, भारत आणि इस्रायलही होते. सरकारी तपासणीत कारखान्यात क्रोनोबॅक्टर हा जंतू सापडला, पावडर सुकवण्याच्या यंत्रांना खड्डे व चिरा पडल्याचे दिसले. आजारी बाळांतल्या जंतूंशी मात्र त्यांचा मेळ बसला नाही, हेही सांगायला हवे. पण चिरा आणि ओल असली की अशा जंतूंना ठाण मांडायला आणखी काय लागते?

आपल्या वयाच्या माणसांना लिस्टेरिया जास्त घातक. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. 2008 साली कॅनडात टोरोंटोच्या एका कारखान्यातील शिजवलेल्या मांसाच्या कापांमुळे 20 हून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक वयस्क. यंत्रे रोज धुतली जात होती. घाण होती कापणाऱ्या यंत्राच्या आत, नेहमीच्या धुण्यात हात पोचणार नाही अशा जागी.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की अशा ठिकाणी आधी पैसा खर्च करायचा तो सफाई करणाऱ्याच्या वेळेवर. महागडी रसायने नंतर. दोन पाळ्यांच्या मध्ये त्याला अर्धा तास मिळाला तर तो वरवर पाणी मारणार, दुसरे काय करणार? कुवेतमध्ये अन्न व पोषणासाठी 2013 पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. तिथल्या काय किंवा आपल्याकडच्या काय, निरीक्षकांनी वहीवरच्या सह्या जरूर पाहाव्यात, पण एक-दोन वॉशर समोर उघडायला लावावेत. आणि त्या वेळी सफाई कामगाराला तिथे उभे करावे. कुठे काय अडकते ते त्यालाच ठाऊक असते. (आम्ही नर्सेसनीही त्याला कधी विचारले नव्हते, हे कबूल करते.)

घरी नारळाचे दूध काढल्यावर मिक्सरच्या भांड्याचे रबर काढून पाहा. बोटाला चिकट लागले तर जुन्या टूथब्रशने साबण लावून घासा, वाळवा, मग बसवा. कवळीचेही तसेच: आधी ब्रश, मग गोळी टाकलेले पाणी, आणि तिची डबीसुद्धा रोज घासायची. ब्लीच वापरत असाल तर त्यात अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. नातवंडासाठी पावडरचे दूध करायची वेळ आली तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्याप्रमाणे पाणी किमान 70 अंश गरम असावे. बाळाला पाजण्याआधी ते निववायचे, आणि उरलेले दूध टाकून द्यायचे. ते टाकताना माझाही जीव खालीवर होतो.