डोरेमॉन आणि मातृभाषा

जपानांत १९६९ सालीं चित्रकथेंत जन्मलेला, २२ व्या शतकांतून आलेला डोरेमॉन हा यंत्रमार्जार २००५ सालापासून आपल्याकडील दूरचित्रवाणीवर हिंदी बोलत आहे. नोबिताचें शिझुकावर प्रेम आहे. परंतु तिला योग्य होण्यास यंत्रें पुरत नाहींत, स्वतःच सुधारावें लागतें. हा बोध हंसतखेळत मिळतो, म्हणून मालिकेस मी दोष देत नाहीं.

खंत निराळी आहे. गडचिरोलीच्या अरण्यांतील पुष्कळ मुलें घरीं माडिया वा गोंडी आणि शाळेंत मराठी बोलतात. पडद्यापुढें मात्र हिंदींत हंसतात. जपानी मांजरास हिंदी साधते, तर गोंडी कां साधूं नये? पालकहो, मालिका बंद करूं नका. रात्रीं तीच गोष्ट मुलांकडून मातृभाषेंत ऐका. ज्या भाषेंत मूल हंसतें, तीच भाषा जगते.