वही की मोबाइल?

घरातल्या नोंदी वहीत ठेवाव्यात की मोबाइलमध्ये, हा प्रश्न या सदराला येणाऱ्या पत्रांत हल्ली पुन्हा पुन्हा डोकावतो आहे. आज त्यातल्या दोन पत्रांविषयी बोलू.

शिरूरच्या एका सूनबाई लिहितात, ‘सासूबाई दुधाचे आकडे कॅलेंडरवर मांडतात, मी मोबाइलमध्ये. महिनाअखेरीस दोघींचा मेळ काही बसत नाही, आणि दूधवाल्यासमोर आमचीच जुंपते.’ दुसरे पत्र दौंडचे. ‘हे रेल्वेत आहेत. ड्यूटीवर असले की फोन बंद. विम्याचे नंबर, बँकेची माहिती, गॅसचं पुस्तक, सगळं त्यांच्या मोबाइलमध्ये. वेळ आली तर मी कुणाला विचारू?’

पहिले पत्र वाचून हसू येते. दुसऱ्याने मात्र काळजाचा ठोका चुकतो. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. नोंद कागदावर आहे की काचेवर, हा मुद्दा दुय्यम. ती ज्याला लागेल त्याला, लागेल त्या वेळी सापडते का, हे आधी बघा.

आधी सासूबाईंची बाजू घेऊ. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांत भिंतीवरची ती पाने म्हणजे गृहिणीची वहीच झाली. दुधाचा खाडा, मोलकरणीची सुट्टी, सिलिंडर लावल्याची तारीख, बाळाच्या डोसाचा दिवस, सारे त्या चौकोनांत. येता-जाता सगळ्यांच्या नजरेला पडते. त्याला ना कुलूप, ना चार्जिंग. दूध घेणारा कुणीही असो, सासरे, सून किंवा शाळकरी नातू, खूण करायला पेन्सिल दोऱ्याला बांधलेली असतेच.

हाताने लिहिलेले लक्षात राहते असे आपल्या आया म्हणत. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ते तपासून पाहिले. ४८ तरुण-तरुणींना भेटीगाठींच्या तारखा टिपायला दिल्या. कुणाला कागदी डायरी, कुणाला टॅबलेट, कुणाला मोबाइल. कागदावाल्यांचे काम सुमारे ११ मिनिटांत उरकले, टॅबलेटवाल्यांना १४ आणि मोबाइलवाल्यांना १६ मिनिटे लागली. तासाभराने परीक्षा घेतली, तेव्हा सोप्या प्रश्नांची उत्तरे कागदावाल्यांची जास्त अचूक आली. पानाचा कोपरा, खाडाखोड, शाईचा रंग अशा खुणा स्मरणाला हात देत असाव्यात, असा संशोधकांचा कयास. एवढ्याशा पाहणीवरून सगळ्या जगाचा निकाल लावायला नको. पण किराण्याची यादी घरी लिहून ती टेबलावरच विसरली, तरी बाजारात निम्म्याहून अधिक जिन्नस आठवतात, हा अनुभव तुमचाही असेलच!

आता सूनबाईंची बाजू. तीही काही कच्ची नाही. गोळ्यांची वेळ झाली हे वही ओरडून सांगत नाही, मोबाइल सांगतो. डॉक्टरांची चिठ्ठी हरवते, तिचा काढलेला फोटो सापडतो. आधारसारखी कागदपत्रे सरकारच्या ‘डिजिलॉकर’मध्ये २०१५ पासून ठेवता येतात, म्हणजे प्रवासात मूळ प्रत सोबत बाळगण्याची धास्ती नाही. आणि पैसे मोबाइलवरून दिले की तारीख, वेळ, रक्कम आपोआप उमटते. ‘वहिनी, मागच्या महिन्याचे राहिलेत,’ असे दूधवाला म्हणाला तर पुरावा हातात. एक उणीव मात्र ध्यानात ठेवा. पैसे कुणाला गेले हे मोबाइल सांगतो, कशासाठी गेले हे सांगत नाही. वाण्याला दिलेल्या ६४० रुपयांत तेल किती आणि पाहुण्यांचा फरसाण किती, हे वहीच सांगेल.

हा प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेरही आहे. तुमच्यापैकी अनेकजणी बचत गटात आहात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लेखे ठेवणे ही गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल. यातले शेवटचे सूत्र बहुधा एकीच्याच गळ्यात पडते. रजिस्टर तिच्या घरी, अक्षर तिचे, बाकीच्यांचा नुसता भरवसा. हे ओळखून ‘नाबार्ड’ने १५ मार्च २०१५ रोजी ‘ई-शक्ती’ हा प्रकल्प आपल्या धुळे जिल्ह्यात आणि झारखंडच्या रामगढमध्ये सुरू केला. गटाच्या नोंदी संगणकावर आणायच्या, बँकेला त्या बसल्या जागी दिसाव्यात आणि व्यवहाराचा संदेश सभासदाच्या मोबाइलवर यावा, अशी ती योजना.

चांगलीच गोष्ट. पण मैत्रिणींनो, तो मोबाइल कुणाचा? गटात नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा दिलेला असेल, तर बचत तुमची आणि संदेश त्यांना! म्हणून दोन गोष्टी करा. गटात आणि बँकेत स्वतःचा नंबर नोंदवा. आणि स्वतःचे छोटे पासबुक प्रत्येक बैठकीला नेऊन आकडा समोर लिहून घ्या, सही घ्या. संगणकातल्या नोंदीत चूक झालीच, तर ती दाखवून द्यायला तुमच्याजवळचे ते पानच उपयोगी पडेल.

आता दौंडच्या भगिनीला, आणि तिच्यासारख्या सगळ्यांनाच, थोडे काम सांगते. चांगल्या बांधणीची शंभर पानी वही आणा. लिहायला साधे बॉलपेन घ्या, जेलपेनची शाई पाण्याच्या थेंबाने पसरते.

पहिल्या पानावर अडीअडचणीचे नंबर ठळक अक्षरात लिहा. कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिका १०८, गॅस गळतीला १९०६, मोबाइलवरून पैशांची फसवणूक झाली तर ताबडतोब १९३०. त्याखाली डॉक्टर, शेजारी, माहेर, सासर आणि यजमानांच्या कार्यालयाचा नंबर.

दुसऱ्या पानावर बँकेचे नाव, शाखा, खाते क्रमांक, विम्याचा पॉलिसी क्रमांक, हप्त्याचा महिना आणि वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे ते. वारसाचे नाव माहीत नसेल तर आजच विचारा. त्यात अशुभ काही नाही.

तिसऱ्या पानावर घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे आणि न चालणारी औषधे. रक्तदाब किंवा साखर असणाऱ्यांसाठी मागे रकाने आखा. महिनाभराचे आकडे एका पानावर दिसले की डॉक्टरांनाही सोयीचे.

पुढची पाने उसनवारी आणि जमाखर्चाची. पिन, पासवर्ड मात्र या वहीत अजिबात नकोत. आणि ओटीपी तर कुणाला सांगायचाच नाही.

वही भरली की त्या पानांचे मोबाइलमध्ये फोटो काढा. वही भिजली तर मोबाइल आहे, मोबाइल पडला तर वही आहे. वही कुठे ठेवली आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक हवे.

ही माहिती यजमानांकडून काढायची कशी, असे तुम्ही म्हणाल. भांडून नव्हे. सुट्टीच्या दिवशी, चहा झाल्यावर, वही-पेन घेऊन शेजारी बसा आणि म्हणा, ‘तुम्ही सांगा, मी लिहिते.’ अर्ध्या तासाचे काम आहे. संसार दोघांचा, मग त्याची माहिती एकाच्या खिशात कशी काय चालेल?

आणि शिरूरच्या सूनबाई, दुधाचे आकडे कॅलेंडरवरच राहू द्या. दूध दोघींपैकी कुणीही घेते, मग नोंदही दोघींना दिसेल अशीच हवी. महिनाअखेरीस सासूबाईंच्या आकड्यांची बेरीज तुमच्या मोबाइलवर करा आणि पैसेही त्यावरूनच द्या. दूधवाल्यासमोर मग दोघी एका बाजूला!

पुढच्या आठवड्यात डाळी-कडधान्यांची साठवण. तुमच्या युक्त्या जरूर कळवा, वहीतून उतरवून पाठवा किंवा मोबाइलवरून.