पार्श्वभूमी बदलली की चित्रही बदलतं

मोबाइलवर नाहीतर शाळेच्या टॅबवर चित्र काढणारी दोन-चार मुलं हल्ली प्रत्येक वर्गात असतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी झाड, माणूस, घर काय ते काढायचं आणि सगळ्यात शेवटी "सर, आता बॅकग्राउंड टाकतो" म्हणून नेटवरचा एखादा बर्फाचा डोंगर उचलून मागे चिकटवायचा. पार्श्वभूमी म्हणजे उरलेली जागा, ती कशानेही भरली तरी चालते, असा समज त्यामागे असतो. मला हा समज पटत नाही. पुढच्या चित्राचा एक ठिपकाही न हलवता मागचा रंग बदला, चित्र बदललेलंच दिसेल. सूरजागडच्या परिसरातल्या मुलांना तर हे मुद्दाम शिकवायला हवं.

आधी एक साधा प्रयोग. 'क्रिता' हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण रंग भरता येईल असं कुठलंही ॲप चालेल. मधोमध एक राखाडी चौकोन काढा. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे १२८ ठेवले की अगदी मधला राखाडी मिळतो. आता मागे काळा रंग भरा. मग पांढरा. मग गडद लाल. काळ्यावर तोच चौकोन उजळ दिसतो, पांढऱ्यावर काळपट, आणि लालवर त्याला हिरवट झाक आल्यासारखी वाटते. पोरं म्हणतात, "सर, तुम्ही रंग बदलला!" रंगाचा आकडा उघडून दाखवा, १२८ चं १२८ च आहे. फरक पडतो तो आपल्या डोळ्याला.

पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर लावायची चित्रं विणत असत. तिथला काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार होती. रंगकामाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की धाग्यात खोट नाही, शेजारचे रंग त्याला फिका करतात. यावरचं त्यांचं मोठं पुस्तक १८३९ सालचं आहे.

पण एवढ्या लांब जायची गरजच काय? मोहफुलं वेचणाऱ्या आपल्या आयाबायांना हे कधीपासून ठाऊक आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फिकट पिवळसर फुलांचा सडा पडतो. वाळक्या पानांच्या पाचोळ्यात ती फुलं नजरेला पडत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा आधी झाडून घेतात, कुठे कुठे पाचोळा पेटवूनही देतात. काळ्या जमिनीवर फूल कसं उठून दिसतं! (त्या आगीनं वणवे लागतात, त्यामुळे तेवढं करू नये. झाडाखाली जाळी बांधणं केव्हाही बरं.) सातवीतल्या एका मुलीनं टॅबवर मोहफुलं काढली होती, पांढऱ्या पडद्यावर. फुलं दिसेचनात, म्हणून ती त्यांना जाड काळी किनार देत बसली. मी फक्त मागचा थर राखेच्या रंगाचा करायला सांगितलं. किनार तिनं स्वतःच पुसून टाकली.

वारलीचंही तेच. ही कला आपल्या भागातली नव्हे, तिकडे पालघर-डहाणूची. पण चित्रकलेच्या तासाला ती सगळ्या महाराष्ट्रात काढतात. मूळ वारली चित्र कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या किंवा गेरू लावलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं होतं. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टॅबवर मात्र पडदा आधीच पांढरा, म्हणून मुलं काळ्या रेघांनी वारली काढतात. आकार तेच, त्रिकोणही तेच. पण ते काड्यांच्या माणसांसारखं दिसतं. भिंत गेली की तिच्यातली ऊबही जाते.

आता त्या गेरूकडे बघा. गेरूला लाल रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. सूरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे ते त्याच घराण्यातलं. म्हणजे वारलीची पार्श्वभूमी आपल्या पायाखालीच आहे म्हणा ना. २०१६ मध्ये इथं उत्खनन सुरू झालं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात गाड्या जाळल्या गेल्या, काम थांबलं, २०२१ पासून पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून ट्रकच्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलांना लाल धूळ ओळखीची आहे. 'माझा परिसर' या विषयावर एका मुलानं सागाचं झाड, घर आणि ट्रक काढला आणि मागे तोच विटकरी लाल भरला. लालवर झाडाचा हिरवा आणखी हिरवा दिसायला लागला, कारण हे दोन रंग एकमेकांना चढवतात. मग त्याच्याच लक्षात आलं, रस्त्यालगतची पानं एवढी हिरवी कुठं असतात? त्यानं पानांवर लालसर हात फिरवला. नुसता मागचा थर बदलून चालत नाही. मागचा रंग, उजेड, धूळ पुढच्या वस्तूवरही थोडी उतरावी लागते. चिकटवलेला बर्फाचा डोंगर खोटा दिसतो तो यामुळेच.

हे चित्र एका स्पर्धेला पाठवलं. "पार्श्वभूमी प्रसन्न हिरवी करून पाठवा" म्हणून निरोप आला. करून पाहिली. दोन टिचक्यांचं काम. हिरव्यावर झाड बुडालं, ट्रक खेळण्यातला वाटायला लागला, आणि गाव कुठलंही झालं. याला मी सजावट म्हणणार नाही, हा मजकुरातला बदल आहे. आमच्याच वर्गात कुणाचा बाप खाणीवर कामाला आहे, कुणाच्या घरी ठाकूरदेवाच्या डोंगराची काळजी आहे. एखादं पोर तो लाल रंग अभिमानानं भरेल, एखादं रागानं. ते त्याचं त्यानं ठरवावं. परीक्षकानं फार तर विचारावं, "हाच रंग का?"

मुलानं हिरवी प्रत पाठवली नाही. लालच पाठवली, पीएनजी करून. जाता जाता तेवढं सांगून ठेवतो: मागचा थर पारदर्शक ठेवलेलं चित्र जेपीईजी केलं की पारदर्शकपणा जातो आणि तिथे बहुतेक वेळा पांढरा किंवा काळा रंग येऊन बसतो. पांढऱ्यावर काढून नंतर मागे बादलीनं रंग ओतला तर रेघांच्या कडेला पांढरट झालर राहते, तीही वाईट दिसते. म्हणून मुलांना सांगा, पहिली रेघ ओढायच्या आधी मागचा थर वेगळा करा, त्यात रंग भरा आणि मगच झाडाला हात घाला.