काटकसरीचे बटण

फराळाचे डबे भरले, मुले मागच्या सीटवर बसली आणि मोटार गावाकडे निघाली, की घरोघरी एक वाद हटकून होतो. वडील म्हणतात, "ते ईकोचे बटण दाब, पेट्रोल वाचेल." चिरंजीव म्हणतात, "बाबा, त्याने गाडी मरगळते!" दोघांचेही खरे आहे, पण अर्धे अर्धे.

टाटांच्या 'झेस्ट' मोटारीत 2014 साली 'ईको', 'सिटी' आणि 'स्पोर्ट' असे तीन मोड आले. आता असे बटण अनेक मोटारींत असते. ते करते तरी काय?

जुन्या मोटारीत पाय जेवढा दाबावा तेवढी कार्ब्युरेटरची झडप उघडत असे. आता मध्ये संगणक बसला आहे. पाय नुसता अर्ज करतो, मंजुरी संगणक देतो. ईको मोडमध्ये ही मंजुरी जरा हात आखडून मिळते. तेलाच्या बरणीतली मोठी पळी काढून लहान पळी ठेवावी, तसा हा प्रकार! पण लहान पळीनेच घाईघाईत चारदा तेल ओतले, तर बचत कसली?

गिअर आपोआप बदलणाऱ्या मोटारीत ईकोमुळे वरचा गिअर लवकर पडतो आणि इंजिनाचे फेरे कमी होतात. कित्येक मोटारींत एसीचा जोरही थोडा उतरतो. ऑक्टोबरच्या उन्हात मागची मंडळी त्याची तक्रार लगेच नोंदवतात!

पुष्कळ मोटारींत पाय तळापर्यंत दाबला की पूर्ण शक्ती मिळते. काहींत मात्र इंजिनाचा जोरच आवरून धरलेला असतो. आपली मोटार यांपैकी कोणती, हे पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावे. दुपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना ही माहिती जिवाशी येते. ताशी 60 किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. समोरून एस.टी. तेवढ्याच वेगाने येत असेल, तर मोटारीने एक सेकंद आळस केला की दोघींमधले अंतर 33 मीटरांहून अधिक घटते. थेंबभर पेट्रोल वाचवण्याची ती जागा नव्हे. ओलांडण्याचा विचार असेल किंवा मोठा चढ येणार असेल, तर बटण आधीच बंद करावे. ऐन वेळी चाचपडत बसू नये.

मग बचत कोठे होते? शहरात. सिग्नल सुटला की उसळी घेणारा पाय तेथे आवरला जातो. मुळातच शांत पायाने चालवणाऱ्याला बटणाचा फायदा थोडाच. मोकळ्या रस्त्यावर तर खरा खर्च वेगाचा. ताशी 80 वरून 100 वर गेलात, की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो; मग बटण चालू असो वा बंद.

आणखी एक गोष्ट. पेट्रोल वाचावे म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची सवय अजून पुष्कळांना आहे. ती सोडावी. आजच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की उतारावर इंधनाचा पुरवठाच सहसा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते, आणि गाडीचा सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. म्हणजे खर्चही अधिक आणि धोकाही अधिक!

तेव्हा वाचकहो, बटण जरूर वापरा, पण ते कधी बंद करायचे हे घरात मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. प्रवास सुखाचा होवो!